फ्रीमँटल (पश्चिम ऑस्ट्रेलिया) : बंदराचा इतिहास नीट समजेल असा दोन दिवसांचा बेत सुचवा

गोदीकाठ :

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन पर्थला बहिणीकडे जायचं पक्कं झालंय. पर्थ ती दाखवेलच. पर्थचं बंदर म्हणजे फ्रीमँटल, आणि त्यासाठी आम्ही दोन पूर्ण दिवस वेगळे काढून ठेवलेत.

बाबांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, इंदिरा डॉक ही नावं ऐकतच आम्ही बहिणी मोठ्या झालो. कुठल्याही बंदरात गेलं की धक्का कुणी बांधला, गाळ कसा काढतात, माल कोण उचलायचं हे त्यांना कळायला हवं असतं. आईला माणसांच्या गोष्टी हव्यात. मला दोन्ही हवंय, आणि ज्यांची ती जमीन होती त्या लोकांबद्दलही समजून घ्यायचंय. नेटवर शोधलं की कॉफी, मासे आणि क्वोका नावाच्या छोट्या प्राण्यासोबतचा फोटो एवढंच पुढे येतं.

आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालते, जिने कमी. दोघंही शाकाहारी. तुरुंग बघायला न्यावं का? सुरुवात कुठून करावी? रॉटनेस्ट बेट त्याच दोन दिवसांत बसेल का? जाऊन आलेल्यांनी, तिथं राहणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पर्थकरीण :

ताई, दोन दिवस दिलेत हे फार छान केलंत. बहुतेक पाहुणे अर्ध्या दिवसात उरकतात.

पर्थहून ट्रेनने या, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. शेवटचं स्टेशन फ्रीमँटल, समोरच बंदर. ट्रेन-बसचं स्मार्टरायडर कार्ड बहिणीकडून घ्या. शक्य असेल तर शुक्रवार-शनिवार किंवा शनिवार-रविवार निवडा, कारण १८९७ सालचा जुना बाजार शुक्रवार ते रविवार उघडा असतो.

सुरुवात राउंड हाउसपासून करा. हाय स्ट्रीट जिथं समुद्राकडे संपतो तिथं आर्थर हेड नावाचा चुनखडीचा उंचवटा आहे, त्यावर ही बारा बाजूंची दगडी इमारत आहे. १८३१ च्या जानेवारीत उघडली. राज्यात आज उभी असलेली सर्वांत जुनी सार्वजनिक इमारत तीच. आणि ती तुरुंग म्हणून बांधलेली आहे. वसाहत सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

आत चौकात विहीर, भोवती कोठड्या. माहिती सांगायला स्वयंसेवक असतात, बहुतेक निवृत्त मंडळी, आणि बाबांसारखा माणूस भेटला तर ते तासभर बोलतात. दुपारी एकला तोफ उडते आणि खांबावरचा गोळा खाली येतो. पूर्वी बाहेर नांगरलेली जहाजं तो गोळा बघून आपली घड्याळं जुळवायची. त्या वेळेला तिथंच असा. चढायला थोड्या पायऱ्या आहेत, आईंना सावकाश जमेल.

त्याच टेकाडाच्या पोटातून व्हेलर्स टनेल जातो. १८३७-३८ मध्ये देवमाशांची शिकार करणाऱ्या कंपनीने किनाऱ्यावरून गावात माल आणायला तो खोदून घेतला. पलीकडे बाहेर पडलं की बेदर्स बीच. इथले मूळ रहिवासी नूंगार लोक, ते या जागेला मांजारी म्हणतात. फ्रीमँटलचं त्यांचं नाव वॉल्यालप. आता गावात पाट्यांवर दोन्ही नावं दिसतील.

आणि सकाळी लवकर निघा. दुपारी समुद्रावरून जोराचा वारा सुटतो, त्याला इथं ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. उन्हाच्या तलखीत तो सगळ्यांना हवाहवासा वाटतो, पण उंचवट्यावर उभं राहून काही ऐकायचं तर सकाळच बरी.

शिडाचे_जहाज :

क्लिफ स्ट्रीटवरचं शिपरेक म्युझियम चुकवू नका. राउंड हाउसपासून पाच मिनिटांवर. कैद्यांनी बांधलेल्या जुन्या सरकारी कोठारात ते आहे आणि माझ्या मते फ्रीमँटलमधली सर्वांत मोलाची वस्तू तिथंच आहे: ‘बटाविया’ या डच जहाजाचा मागचा भाग.

४ जून १६२९ च्या पहाटे हे जहाज इथून बरंच उत्तरेला आब्रोल्हॉस बेटांजवळच्या खडकावर आदळलं. तीनशेच्या वर माणसं होती. मुख्य अधिकारी फ्रान्सिस्को पेल्सार्ट छोट्या होडीतून मदत आणायला जावाकडे गेला. मागे बेटांवर येरोनिमुस कोर्नेलिस्झ नावाच्या माणसाने सत्ता हातात घेतली आणि शंभराहून जास्त लोकांना, बायका-मुलांसकट, ठार करवलं. विबे हेस नावाच्या साध्या शिपायाने थोड्या सोबत्यांना घेऊन दुसऱ्या बेटावरून त्यांना तोंड दिलं. पेल्सार्ट परतला तेव्हा हे सगळं उघडकीला आलं आणि म्होरक्यांना तिथंच बेटावर फाशी दिलं गेलं.

आता आपल्याकडचा दुवा. हाच पेल्सार्ट त्याआधी १६२० ते १६२७ डच कंपनीचा माणूस म्हणून आग्र्यात होता. नीळ कशी खरेदी करतात, उमराव कसे राहतात आणि गरिबाच्या घरात किती मोजकी भांडी असतात हे त्याने बारकाईने लिहून ठेवलंय. जहांगीराच्या काळाचा अभ्यास करणारे आजही तो वृत्तान्त वाचतात. बटावियाच्या कप्तानाशी त्याचं वैर जुंपलं ते सुरतेत. महाराजांच्या पहिल्या स्वारीच्या पस्तीसेक वर्षं आधीची ही सुरत. त्या बंदरातल्या भांडणाची धग पुढच्या सफरीत जहाजावरही राहिली.

दालनात गेलात की आधी वरच्या कठड्यावरून खाली बघा. ओकच्या काळपट फळ्या, एकमेकींवर चढवलेल्या, माणसाच्या कितीतरी वर जाणाऱ्या. साडेतीनशे वर्षं समुद्रात राहिलेलं लाकूड बाहेर काढून नुसतं वाळवलं तर ते आक्रसतं आणि तडकतं. म्हणून आतलं पाणी हळूहळू काढून त्याजागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन भरत गेले, त्याला वर्षानुवर्षं लागली. मग जवळ जा आणि खिळ्यांची भोकं बघा. बाहेरच्या बाजूला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचावासाठी आणखी एक फळ्यांचा थर असायचा. बाबांना इथून हलवणं कठीण जाईल.

शेजारी दगडी कमान आहे. जावातल्या बटाविया शहराच्या (आजचं जकार्ता) किल्ल्याच्या दरवाजासाठी घडवलेले दगड जहाजाच्या तळाशी भरले होते, ते पाणबुड्यांना सापडले. मूळ दगड गेराल्डटनच्या संग्रहालयात आहेत, इथली प्रतिकृती.

झांथो या आगबोटीचं इंजिनही बघा. १८७२ मध्ये बुडालेली बोट, इंजिन १९८५ मध्ये वर काढलं, गंजाचे थर खरवडत खरवडत ते इतकं दुरुस्त केलं की हाताने फिरतं.

मुक्काम_पोस्ट :

+१. तिथं ठरावीक तिकीट नाही, ऐच्छिक देणगी असते. नीट पाहायचं तर किमान दोन तास ठेवा.

चुनखडी :

तुरुंगाबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. न्या. आईंनाही न्या. फ्रीमँटल प्रिझन न बघता हे गाव समजत नाही, कारण गाव वाढलं ते या तुरुंगामुळे.

थोडी पार्श्वभूमी. १८२९ च्या २ मे रोजी कॅप्टन चार्ल्स फ्रीमँटलने ब्रिटिश राजाच्या नावाने या किनाऱ्याचा ताबा जाहीर केला. ही वसाहत कैद्यांची नव्हती, मोकळ्या लोकांची होती, आणि वीस वर्षांत ती रडतखडत चालू लागली. माणसं नाहीत, रस्ते नाहीत, पैसा नाही. शेवटी इथल्याच जमीनदारांनी लंडनकडे कैदी मागितले. पहिलं जहाज १८५० च्या १ जूनला आलं, नाव सिंडियन, त्यात ७५ कैदी. ते येणार ही बातमी त्यांच्या आधी पोचलीच नव्हती. ठेवायला जागा नाही, म्हणून बंदर अधिकाऱ्याची कोठारं भाड्याने घेतली. तिथं आज एस्प्लनेड हॉटेल आहे.

१८६८ पर्यंत सुमारे ९,७०० कैदी आणले गेले, सगळे पुरुष. स्वतःचा तुरुंग त्यांनी स्वतःच बांधला. ज्या टेकडीवर तो उभा आहे तिचाच दगड कापून, १८५२ ते १८५९. आणि तो १९९१ पर्यंत चालू होता! शेवटच्या दिवसापर्यंत कोठड्यांमध्ये संडास नव्हते, बादल्या होत्या. सुरुवातीची कोठडी साधारण २.१ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. तशी एक ठेवली आहे, आत उभं राहून दोन्ही हात पसरून बघा. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ११ कैदी-स्थळांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हा आहे.

आत फक्त वाटाड्याबरोबर जाता येतं. सहली अनेक आहेत. इतिहासासाठी दिवसाची, कैद्यांच्या काळाबद्दलची घ्या. रात्री टॉर्च घेऊन फिरवतात ती घाबरवण्यासाठी जास्त आहे, तुमच्या आई-बाबांना नको. बाबा काटक असतील तर त्यांच्यासाठी बोगद्यांची सहल. वीस मीटर खाली शिड्यांनी उतरायचं, मग पाण्याने भरलेल्या भागातून छोट्या होडीने. हे बोगदे कैद्यांनी खडकात खोदले, गावाला आणि बंदरातल्या जहाजांना गोडं पाणी तिथून जायचं. आईंनी तेवढा वेळ वर गेटहाउसजवळ बसावं.

आईंना गोष्टी आवडतात ना? तीन सांगून ठेवते.

एक, मूनडाइन जो. सतत पळून जाणारा कैदी. त्याच्यासाठी लाकडाचे जाड सोट ठोकून खास कोठडी केली. मोकळ्या हवेची गरज म्हणून त्याला अंगणात दगड फोडायला लावलं. फोडलेल्या दगडांचा ढीग वाढत गेला, पहारेकऱ्याला ढिगामागे तो कमरेपर्यंतच दिसायचा. त्या आडोशाला त्याने तुरुंगाच्या भिंतीला भोक पाडलं आणि १८६७ च्या मार्चमध्ये निघून गेला. दोन वर्षं सापडला नाही.

दोन, कटाल्पा. शेवटच्या जहाजातून आयर्लंडचे ६२ स्वातंत्र्यवादी आले होते. त्यांतल्या सहा जणांना सोडवायला अमेरिकेतल्या आयरिश लोकांनी वर्गणी काढून देवमाशांच्या शिकारीचं एक जहाज घेतलं, तेच कटाल्पा. १८७६ च्या १७ एप्रिलला हे सहा जण बाहेरच्या कामावरून निसटले, घोडागाड्यांतून रॉकिंगहॅमच्या किनाऱ्यावर, तिथून वल्हवत जहाजाकडे. सरकारी आगबोट जॉर्जेट पाठलागावर. तिने तोफेचा गोळा पुढ्यात टाकला तेव्हा कप्तानाने अमेरिकेचा झेंडा दाखवला, म्हणजे गोळी घातली तर ती अमेरिकेवर. जॉर्जेट परत फिरली.

तीन, जेम्स वॉल्श. खोट्या सह्या-कागदांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला. त्याने कोठडीच्या भिंतींवर लपूनछपून चित्रं काढली, बायबलमधले आणि ग्रीक-रोमन प्रसंग. वर चुना फासला गेला. १९६४ मध्ये चुन्याचे पोपडे निघाले आणि खालून चित्रं वर आली. ही कोठडी दाखवतात का ते वाटाड्याला आधीच विचारा.

फाशीघरही आहे. ४३ पुरुष आणि एका बाईला तिथं फाशी दिलं, शेवटची फाशी १९६४ मध्ये. ज्यांना नको असेल त्यांना बाहेर थांबता येतं.

गोदीकाठ :

चुनखडीताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. कटाल्पा दोनदा वाचायला लावला. आता ती तुरुंगाला तयार आहे.

बाबा विचारताहेत की बंदर नदीच्या मुखात आहे, मग पूर्वी खडक किंवा वाळूचा बांध आडवा येत नव्हता का? आणि मुंबईसारखी दरवाजाची गोदी इथं का नाही?

जुना_ओव्हरसियर :

बाबांना नमस्कार सांगा. प्रश्न अगदी नेमका आहे.

होय, मुखाशी चुनखडीचा आडवा बांध होता. त्यामुळे मोठी जहाजं आत येत नसत. बाहेर खुल्या समुद्रात नांगर टाकायचा किंवा लाँग जेटी नावाच्या लांबलचक लाकडी धक्क्याला लागायचं, वायव्येचा वारा सुटला की तिथं जहाज धरवत नसे. टपालाच्या बोटी फ्रीमँटल टाळून कितीतरी दक्षिणेला अल्बानीला जात. त्या जेटीचे थोडे खांब बेदर्स बीचजवळ अजून दिसतात.

सर जॉन कूड या त्या काळच्या मोठ्या बंदर-अभियंत्याचं मत होतं की नदीचं मुख फोडू नका, किनाऱ्याने वाहणारी वाळू ते पुन्हा भरून टाकेल, बाहेर समुद्रात बंदर करा. १८९१ मध्ये न्यूझीलंडहून सी. वाय. ओकॉनर आले, राज्याचे मुख्य अभियंता म्हणून. त्यांनी प्रवाह, वारा, वाळू यांचा स्वतः अभ्यास केला आणि सांगितलं की इथं वाळूची तेवढी वाहतूक होतच नाही, बांध सुरुंगाने उडवा, आतला भाग खोल करा, दोन्ही बाजूंना दगडी बंधारे घाला. विरोध प्रचंड. १८९२ मध्ये काम सुरू झालं, १८९७ च्या ४ मे रोजी एसएस सुलतान ही पहिली बोट आत आली. १९०० पासून टपाल बोटीही इकडे आल्या. तेच अंतर्गत बंदर आज सव्वाशे वर्षांनंतरही राज्याचं मुख्य बंदर आहे. वाळूने भरलं नाही.

दरवाज्यांचं उत्तर भरती-ओहोटीत आहे. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी चार-पाच मीटर चढ-उतार करतं, म्हणून पाणी अडवून धरायला दरवाजे लागतात. फ्रीमँटलला हा फरक सहसा मीटरभरही नसतो. धक्क्याला लागलेली बोट जवळपास त्याच उंचीवर राहते, त्यामुळे खुला धक्का चालतो.

ओकॉनरचा पुतळा व्हिक्टोरिया की या धक्क्यावर आहे, १९११ चा. सोन्याच्या खाणींना पाणी न्यायला कालगुर्लीपर्यंत ५०० किलोमीटरच्या वरची जलवाहिनीही याच माणसाची. वर्तमानपत्रांनी आणि राजकारण्यांनी त्यांच्यावर इतकी चिखलफेक केली की १९०२ च्या मार्चमध्ये ते घोड्यावरून दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेले आणि त्यांनी स्वतःला गोळी घातली. पुढच्या वर्षी पाणी कालगुर्लीला पोचलं. त्या किनाऱ्यावर पाण्यात घोडा आणि स्वाराचं शिल्प आहे. बाबांना तिथंही न्या, गाडीने थोडंच अंतर आहे.

त्याच धक्क्यावर पश्चिम टोकाला मेरिटाइम म्युझियम. तिथं १९८३ ची अमेरिकाज कप जिंकणारी ‘ऑस्ट्रेलिया २’ ही शिडाची होडी आहे. बाहेर उतारावर ‘ओव्हन्स’ ही पाणबुडी आहे, आत जायला वेगळी वेळ घ्यावी लागते आणि दारं फार अरुंद आहेत, आईंनी जाऊ नये. तो उतार दुसऱ्या महायुद्धातला. १९४२ पासून अमेरिकी, ब्रिटिश आणि डच पाणबुड्यांचा मोठा तळ इथं होता, दीडशेच्या वर पाणबुड्या इथून गेल्या.

आणखी एक गोष्ट बाबांना आवडेल. इथल्या जंगलातलं जॅरा नावाचं लालसर, वाळवीला दाद न देणारं लाकूड एके काळी रेल्वेचे स्लीपर म्हणून भारतात जायचं. घोडेही जायचे, फौजेसाठी.

डिलाईलरोड :

माल कोण उचलायचं, याचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून मी लिहितो. आजोबा मुंबईच्या धक्क्यावर हमाल होते, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा.

इथल्या गोदी कामगारांना लंपर म्हणत. १९१७ च्या संपानंतर मालकांनी दुसऱ्या संघटनेची माणसं कामावर घेतली आणि जुने लंपर उपाशी राहिले. १९१९ च्या एप्रिलमध्ये मेलबर्नहून ‘डिंबूला’ हे जहाज आलं, त्यावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण. तीच जगभर पसरलेली साथ. जहाज विलगीकरणात होतं, पण मुदत पुरी व्हायच्या आत दुसऱ्या संघटनेची माणसं ते रिकामं करायला लागली. लंपर म्हणाले, साथ गावात येईल, काम थांबवा.

४ मे, रविवार. मुख्यमंत्री हॅल कोलबॅच स्वयंसेवक घेऊन नदीतून होड्यांनी आले, धक्क्यावर अडथळे उभारायला. पुलावरून त्यांच्यावर दगड आणि लोखंडाचे तुकडे पडले. धक्क्यावर पोलिस आणि कामगार भिडले. टॉम एडवर्ड्स नावाच्या लंपरच्या डोक्याला मार बसला, तीन दिवसांनी तो गेला. पुढे सरकारला माघार घ्यावी लागली, धक्क्यावरचं काम पुन्हा लंपरांकडे आलं. कोलबॅच एका महिन्यात पायउतार झाले. एडवर्ड्सच्या नावाने पिण्याच्या पाण्याचं कारंजं उभारलंय, गावात कुणालाही विचारा.

व्हिक्टोरिया की वर उभं राहून बाबांना हे सांगा. तोच धक्का, तीच जागा.

जुनी_वही :

वर सगळ्यांनी फार छान लिहिलंय. पण गोदीकाठताईंनी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं की ज्यांची जमीन होती त्यांचं काय, त्यावर अजून कुणी नीट बोललं नाही. मला वाटतं तिथूनच सुरुवात व्हायला हवी.

हा प्रदेश वाजुक नूंगार लोकांचा. १८२९ ला ताबा घेतला तेव्हा त्यांच्याशी करार झाला नाही, मोबदला नाही. यागन हा त्यांचा लढवय्या. १८३२ मध्ये त्याला पकडून फ्रीमँटलसमोरच्या कार्नाक बेटावर ठेवलं, तो होडी घेऊन निसटला. १८३३ मध्ये त्याच्या वडिलांना गोळ्या घालून मारलं, त्यानंतर काही आठवड्यांत यागनलाही. त्याचं शिर कापून इंग्लंडला नेलं, तिथं दाखवायला ठेवलं. नूंगार लोकांनी पाठपुरावा करून १९९७ मध्ये ते परत आणलं आणि २०१० मध्ये दफन केलं.

म्हणून राउंड हाउसमध्ये गेलात की विचारा: इथं कोण कोण होतं? तिथं कोंडलेल्यांत मोठी संख्या मूळ रहिवाशांची होती. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून, दूरच्या किंबर्लीतूनसुद्धा, साखळ्या घालून माणसं इथं आणत आणि समोरच्या रॉटनेस्ट बेटावर नेत.

रॉटनेस्टचं नूंगार नाव वाजेमप. १८३८ पासून ते आदिवासी पुरुषांचा तुरुंग होतं, अधिकृतपणे १९०४ ला बंद, पण सक्तीची मजुरी १९३१ पर्यंत चालू. सुमारे ४,००० पुरुष आणि मुलगे तिथं ठेवले गेले, किमान ३७३ तिथंच मेले. गुन्हा काय? पुष्कळदा आपल्याच जमिनीवर चरणारी मेंढी मारणं. बेटावरच्या देखण्या जुन्या इमारती त्यांच्या हातच्या आहेत. दफनभूमीच्या काही भागावर २००७ पर्यंत तंबूंची जागा होती. क्वॉड नावाची तुरुंगाची इमारत २०१८ पर्यंत पर्यटकांची राहायची जागा होती, जिथं कोठडीत माणसं कोंबली जायची त्याच खोल्यांत लोक सुट्टीला येऊन झोपत. नूंगार वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवल्यावर हे थांबलं.

बेटावर जरूर जा, क्वोका बघा, सायकल चालवा, पण आधी दफनभूमीपाशी जा आणि शांतपणे उभे राहा. बेटाला या दोन दिवसांत कोंबू नका, तिसरा दिवस द्या. फेरी व्हिक्टोरिया की वरूनच सुटते.

आणि एक जागा सगळ्यांनी बघावी अशी, तुरुंग आणि मासळी बंदर यांच्या मधल्या एस्प्लनेड पार्कमध्ये. एक्सप्लोरर्स मॉन्युमेंट, १९१३. वर मेटलंड ब्राउनचा अर्धपुतळा. खालच्या पाटीवर तीन गोऱ्या शोधप्रवाशांना ‘कपटी’ मूळ रहिवाशांनी रात्री मारलं आणि ब्राउनने जाऊन त्यांचे अवशेष आणले, असं गौरवाने लिहिलंय. ही घटना वायव्येकडच्या ला ग्रेंजची, १८६४-६५ ची. १९९४ मध्ये त्याच भागातल्या आदिवासी लोकांच्या पुढाकाराने त्याच चबुतऱ्यावर दुसरी पाटी बसली. ती सांगते की हा एकाच बाजूचा इतिहास आहे, लोक आपल्या जमिनीचं रक्षण करत होते, ब्राउनच्या टोळीने वीसेक माणसं मारली, आणि या भूमीवरच्या आक्रमणात मेलेल्या सगळ्या आदिवासींचं स्मरण राहो.

जुनी पाटी काढली नाही. नवी तिच्याच खाली लावली. दोन्ही पूर्ण वाचा, आईंना मराठीत सांगा.

चुनखडी :

जुनी_वही यांचं पूर्ण पटतं. तुरुंगातही शेवटच्या दशकांतल्या कोठड्यांच्या भिंतींवर आदिवासी कैद्यांनी काढलेली चित्रं आहेत, तीही बघा. जिमी पाइक हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार याच तुरुंगात रंगवायला शिकले.

माझ्या प्रतिसादात एक भर. कैद्यांवर पहारा करायला जे निवृत्त शिपाई आणले त्यांतले पुष्कळ जण आधी भारतात लढलेले होते. इथं जमिनीचा तुकडा मिळेल या आशेवर बायका-मुलांसह आले.

पर्थकरीण :

फिरताना थोडी खायची सोय. साउथ टेरेसवर इटालियन हॉटेलं ओळीने आहेत. मोल्फेट्टा आणि सिसिलीहून आलेल्या कोळ्यांनी इथली मासेमारी उभी केली, त्यांचीच पुढची पिढी. बिनमांसाचा पास्ता, पिझ्झा सहज मिळेल. जुन्या बाजारात फळं, भारतीय आणि मध्यपूर्वेकडचे शाकाहारी पदार्थही असतात. मासळी बंदरावर आई-बाबा काही खाणार नसतील तरी संध्याकाळी होड्या बघायला जा.

धक्क्यावर वेलकम वॉल्स आहेत, बोटीने आलेल्या स्थलांतरितांची नावं कोरलेल्या. संग्रहालयाजवळ ब्रिटन आणि माल्टाहून आई-वडिलांशिवाय पाठवलेल्या लहान मुलांचं स्मारक आहे. आईंसाठी सुचवते.

गोदीकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी वहीत लिहून घेतलंय, ओकॉनर आणि डिंबूला दोन्ही ठळक अक्षरांत. बेत असा केलाय, चुकत असेल तर सांगा.

शुक्रवार : सकाळी आधी एस्प्लनेड पार्कमधलं स्मारक, मग राउंड हाउस, बोगद्यातून बेदर्स बीच, एकची तोफ, जेवण, दुपारी शिपरेक म्युझियम.
शनिवार : सकाळी तुरुंग, बाजारात जेवण, दुपारी व्हिक्टोरिया की आणि मेरिटाइम म्युझियम, संध्याकाळी ओकॉनरचा किनारा.
वाजेमप नंतरच्या आठवड्यात, बहिणीला सुट्टी असेल त्या दिवशी.

नूंगार माणसाकडूनच इतिहास ऐकता येईल का?

जुनी_वही :

हो, नूंगार वाटाडे फ्रीमँटलमध्येही आणि बेटावरही पायी सहली नेतात. बहिणीला आतापासूनच चौकशी करायला सांगा, रोज नसतात. मिळाली तर शुक्रवारची सकाळ तिला द्या आणि बाकी सगळं त्यानंतर.

पर्थकरीण :

बेत चांगला आहे. एवढंच बदला: शनिवारी मेरिटाइम म्युझियम आधी आणि धक्का नंतर, कारण संग्रहालय संध्याकाळी पाचच्या आसपास बंद होतं, धक्का होत नाही. तुरुंगाची आणि फेरीची तिकिटं ऑनलाइन आधी काढा. बाबा बोगद्यात उतरणार असतील तर पुढून बंद बूट घालायला सांगा, चपलांवर घेत नाहीत.